मणका कमरेचा, हिशोब खुब्यापासून

बडोद्यातल्या मराठी घरात कमरेचं दुखणं तीन भाषांतून फिरतं. रिपोर्ट इंग्रजीत येतो, डॉक्टर बहुधा गुजरातीत समजावतात आणि घरी आल्यावर तेच सगळं आईला नाहीतर आजेसासूबाईंना मराठीत सांगावं लागतं. गादी सरकली, नस दबली, मणक्यात गॅप आलाय, इथपर्यंत कुणाचं अडत नाही. पण अलीकडे ऑपरेशनआधीच्या कागदावर एक नवी ओळ दिसू लागली आहे: पीआय ६०, एलएल ३०, पीटी ३०, एसव्हीए ७ सेंमी. सोबत एक फर्मानही असतं, की मानेपासून खुब्यापर्यंतचा, उभ्याने काढलेला एक्स-रे घेऊन या.

इथे घरचे वैतागतात. एमआरआयवर इतका खर्च झाला, नस कुठे दबली आहे ते त्यात लख्ख दिसतंय, मग आणखी एक्स-रे कशासाठी? आणि दुखतेय कंबर, तर खुब्याचे कोन कशाला मोजायचे?

शंका रास्त आहे. एमआरआय बहुतेक ठिकाणी झोपवून काढतात. झोपल्यावर मणक्यांवरचा भार उतरतो, एखादा मणका त्याच्या खालच्या मणक्यावरून किती पुढे सरकतो ते लपतं आणि माणूस उभा राहिल्यावर किती झुकतो ते तर त्यात दिसूच शकत नाही. नस मोकळी कुठे करायची हे एमआरआय सांगतो. मणके एकमेकांना कायमचे जोडायचे असतील, तर ते कोणत्या कोनात जोडायचे हे उभ्याच्या एक्स-रेवरून ठरतं. ऑपरेशननंतरची पुढची वीस वर्षं बऱ्याच अंशी या दुसऱ्या प्रश्नावर अवलंबून असतात, आणि दवाखान्यात सगळ्यात कमी बोलणं होतं ते त्याच्यावरच.

उतरंडीचा पाया

जुन्या घरांत माजघराच्या कोपऱ्यात मडक्यांची उतरंड असायची. सगळ्यात खालचं मडकं सपाट बसलं असेल, तर वरची सरळ रचता येतात. ते पुढे कललेलं असेल, तर वरची मडकी थोडी थोडी मागे रेलत ठेवावी लागतात, तेव्हा कुठे सगळ्यात वरचं मडकं पायावर येतं. पाया जितका जास्त कललेला, तितकी चळतीला मागची कमान जास्त.

पाठीचा कणा हीच गोष्ट करतो. कमरेचे पाच मणके ज्या हाडावर उभे आहेत ते म्हणजे त्रिकास्थी, माकडहाडाच्या वरचं त्रिकोणी हाड. त्याचा वरचा पृष्ठभाग सपाट नसतो, पुढे उतरता असतो. त्या उतारावरून पुढे घसरू नये म्हणून कंबर आतल्या बाजूला कमान घेते. तिच्यावर छातीच्या मणक्यांची उलटी, मागे फुगलेली कमान, आणि त्यावर मान. कुशीवरून पाहिलं की कणा इंग्रजी ‘एस’सारखा दिसतो तो त्यामुळेच. डोकं खुब्यांच्या वर आणून ठेवायचं, हे या साऱ्या वळणांचं काम.

कमरेच्या कमानीचा कोन म्हणजे रिपोर्टमधला एलएल, लंबर लॉर्डोसिस. आपण तिला कमरेची कमानच म्हणू.

ज्याची त्याची ठेवण

आता पीआय, म्हणजे पेल्विक इन्सिडन्स. नाव बोजड आहे, कल्पना तशी नाही. त्रिकास्थी दोन्ही बाजूंच्या मोठ्या हाडांमध्ये पाचरीसारखी घट्ट बसलेली असते. हे सगळं मिळून जे खोलगट कडं तयार होतं ती श्रोणी, आणि तिच्या खोबणींत मांडीच्या हाडांची गोल डोकी बसतात, ते खुबे. त्रिकास्थीच्या वरच्या पृष्ठभागाच्या मध्यातून त्याला काटकोनात एक रेघ काढायची, त्याच मध्यातून खुब्यांच्या केंद्राकडे दुसरी. दोन रेघांमधला कोन म्हणजे पीआय. थोडक्यात, त्रिकास्थी श्रोणीत किती कललेली बसवली आहे त्याचं हे माप. याला ठेवणीचा कोन म्हणायला हरकत नाही.

फ्रान्समधल्या जिनेट दुव्हाल-बोपेर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात हे माप पुढे आणलं. त्याचं मोल असं, की वाढ पूर्ण झाल्यावर ते जवळजवळ बदलत नाही. तुम्ही उभे राहा, बसा, वाका, कोन तोच. माणसामाणसांत मात्र जबरदस्त फरक: कुणाचा ३५, कुणाचा ८०, सरासरी पन्नाशीच्या आसपास.

समजा, दोन सख्ख्या बहिणी आहेत. थोरल्या ताईंचा ठेवणीचा कोन ६०, धाकट्या माईंचा ४०. ढोबळ नियम असा, की कमरेची कमान या कोनाच्या जवळपास असावी, दहाएक अंशांपलीकडे तूट नसावी. म्हणजे ताईंना ५०-६० अंशांची कमान लागते, माईंचं पस्तीस-चाळिसात छान भागतं. दोघींचं ऑपरेशन झालं आणि दोघींची कमान ३५ अंशांवर बसली, तर माई ताठ चालतील आणि ताई पुढे ओणवतील. ‘तिला ज्या डॉक्टरने केलं त्यानेच केलं, मग हिला का नाही मानवलं?’ या नेहमीच्या प्रश्नाची अनेक उत्तरं असू शकतात. हे त्यातलं एक, आणि ते बहुधा कुणी तपासलेलं नसतं.

तूट पडली की शरीर काय करतं

कमरेच्या मणक्यांमधल्या गाद्या तरुणपणी पुढून उंच आणि मागून बुटक्या असतात. कमरेची कमान मोठ्या प्रमाणात त्यांच्या या पाचरी आकारातूनच येते. वयाबरोबर गाद्यांतलं पाणी कमी होतं, उंची जाते, पाचर सपाट होते. पाठीचे स्नायू झिजून त्यांत चरबी शिरते. हाडं ठिसूळ झालेल्यांचा एखादा मणका पुढून चेपतो. कमान हळूहळू पुसट होते.

ताईंची कमान ६० वरून ३० वर आली. डोकं पुढे जायला हवं, पण लगेच जात नाही. शरीर आधी श्रोणीला मागे कलंडवतं, म्हणजे पृष्ठभागाचा उतारच कमी करतं. उतरंडीचा पाया पाचर मारून सपाट करावा तसं. याचं गणित सुबक आहे: श्रोणीचं मागे कलंडणं अधिक त्रिकास्थीचा उतार म्हणजे ठेवणीचा कोन. ताईंच्या बाबतीत पूर्वी १८ आणि ४२ होते, आता ३० आणि ३० आहेत. बेरीज ६० च. रिपोर्टमधला पीटी, पेल्विक टिल्ट, हे त्या कलंडण्याचं माप. ते साधारण २० च्या पुढे गेलं, की शरीर तूट भरून काढतंय असं समजायचं.

श्रोणी कलंडून भागलं नाही, तर गुडघे वाकतात. पाठीचा वरचा भाग मागे ताठ होतो. तेही संपलं की मग माणूस खरोखर पुढे झुकतो. मानेच्या तळापासून ओळंबा सोडला आणि तो त्रिकास्थीच्या मागच्या कोपऱ्याच्या किती पुढे पडतो हे मोजलं, की एसव्हीए मिळतो. चार-पाच सेंटीमीटरच्या आत असेल तर ठीक. ताईंचा सात आहे.

फ्रेंच सर्जन जाँ द्युबुसे यांनी याला ‘काटकसरीचा शंकू’ म्हटलं. पायांपासून वर रुंदावत जाणारा एक अदृश्य शंकू, त्यात शरीर राहिलं तर उभं राहायला फारशी ताकद लागत नाही. त्याच्या कडेला गेलं, की नुसतं उभं राहणंही कष्टाचं काम होतं. ओट्यापाशी उभं राहून पोळ्या लाटताना दहा मिनिटांत ज्यांची कंबर भरून येते आणि कोपर ओट्यावर टेकवावं लागतं, त्यांचा सगळा दोष दबलेल्या नसेचा नसतो. स्नायू दिवसभर ओव्हरटाइम करत असतात.

झुकण्याचं आणखी एक कारण आहे आणि दोन्हींची गल्लत होऊ देऊ नये. नसांची वाट अरुंद झालेल्यांना पुढे वाकलं की बरं वाटतं, कारण वाकल्यावर ती वाट थोडी उघडते. कमाटी बागेत चार पावलं चालून बाकावर बसणारे, पण सायकलवर मैलभर जाऊ शकणारे आजोबा हे याचं ठरलेलं चित्र. ते झुकतात ते आरामासाठी. अशांपैकी बऱ्याच जणांची पाठ, नसांना जागा करून दिली की आपसूक बरीचशी सरळ होते. म्हणून एकट्या एक्स-रेवरून किंवा एकट्या एमआरआयवरून निकाल लावू नये.

‘पण ऑपरेशन तर एकाच जागी आहे’

ही हरकत मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. दहा मणके जोडायचे असतील तर पाठीची सगळी मोजमापं समजण्यासारखी आहेत, एका जोडीसाठी एवढा खटाटोप का?

कारण जोडणं, म्हणजे फ्यूजन, हे कायमचं असतं. स्क्रू आणि सळ्या टाकतात, गादीच्या जागी छोटा पिंजरा बसवतात आणि काही महिन्यांत दोन मणक्यांचं हाड एक होतं. ज्या कोनात ते गोठेल, तो कोन जन्मभराचा. त्यात झीज आणि ऑपरेशन सगळ्यात जास्त होतात ते खालच्या दोन जागी, चौथा-पाचवा मणका आणि पाचवा मणका-त्रिकास्थी. आणि कमरेच्या कमानीचा सुमारे दोन-तृतीयांश वाटा नेमका याच दोन जागांचा. त्या सपाट गोठल्या, तर वरच्या मणक्यांना आपल्या वाट्यापेक्षा जास्त मागे रेलावं लागतं. त्यांच्या गाद्या आणि मागचे छोटे सांधे आधीच जुने झालेले असतात. चार-सहा वर्षांनी ‘वरचा मणका पण खराब झाला’ म्हणून दुसरं ऑपरेशन निघतं, त्यामागे कधी कधी पहिल्या वेळचा कोन असतो. दरवेळी असतो असं मात्र नाही, वय आपलं काम करतच असतं.

ही अक्कल वैद्यकशास्त्राला ठेच लागून आली. अमेरिकेतल्या ह्यूस्टनमध्ये पॉल हॅरिंग्टन यांनी पोलिओ झालेल्या मुलांच्या वाकड्या पाठीसाठी १९५० च्या दशकात धातूची सळई वापरायला सुरुवात केली. समोरून पाहिलं तर पाठ सरळ झाली, मोठाच पल्ला होता तो. पण सळई सरळ होती आणि मणके ताणून धरायची, त्यामुळे ती कमरेपर्यंत खाली नेली की कमानही सरळ व्हायची. त्यांतली कित्येक मुलं मोठी झाल्यावर पुढे झुकू लागली, गुडघे वाकवून चालू लागली. या त्रासाला ‘फ्लॅट बॅक’ असं नावच पडलं. समोरून सरळ म्हणजे कुशीवरूनही ठीक असं नसतं, हे तेव्हा कळलं.

आज कोन राखण्याचे बरेच मार्ग आहेत, काही अगदी साधे. ऑपरेशनच्या टेबलावर पालथं झोपवताना खुबे सरळ ठेवले तर कमरेची कमान टिकते, गुडघे पोटाशी घेतल्यासारखी जुनी पद्धत वापरली तर ती सपाट होते आणि तशीच जोडली जाते. पिंजरा पाचरीच्या आकाराचा घेता येतो, तो किती पुढे बसवला यानेही फरक पडतो. पोटाच्या बाजूने जाऊन बसवला तर कमान जास्त मिळते, पण तिथे मोठ्या रक्तवाहिन्या असतात. सळई आधीच योग्य वाकवून घेतात. रोबोच्या जाहिराती सध्या सगळीकडे आहेत म्हणून सांगतो: रोबोचं मुख्य काम स्क्रू नेमक्या जागी घालायला मदत करणं हे आहे. कोन किती हवा हे ऑपरेशनआधी कुणीतरी बसून ठरवावं लागतं. तो हिशोब झालेला नसेल, तर रोबो चुकीच्या कोनातही तितक्याच अचूकपणे स्क्रू घालून देईल.

‘स्क्रूशिवाय भागणार नाही का?’

पुष्कळदा भागतं. हा प्रश्न आधी विचारा, कोनाचा नंतर.

नसांची वाट अरुंद झाली असेल, तर नुसती जागा मोकळी करण्याचं ऑपरेशन करता येतं. मग काही गोठवायचं नाही आणि कोनाची चिंताही कमी. २०१६ मध्ये स्वीडनमधला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात जागा मोकळी करण्याच्या जोडीला मणके जोडल्याने रुग्णांचा जास्त फायदा झाला नाही, थोडा मणका सरकलेल्यांचाही नाही. त्याच वर्षीच्या अमेरिकेतल्या एका लहान अभ्यासात जोडलेल्यांची तब्येत काही मापांवर किंचित सरस निघाली. २०२१ मध्ये नॉर्वेच्या अभ्यासाने मणका सरकलेल्या रुग्णांत पुन्हा हेच दाखवलं, की दोन वर्षांनी नुसतं मोकळं केलेले मागे पडलेले नव्हते. म्हणजे मणका सरकलाय म्हणून स्क्रू टाकलेच पाहिजेत, असा सरसकट नियम उरलेला नाही. मणका खूप हलत असेल, पाठ बाजूला वाकली असेल, गादी पूर्ण बसून नस वरून खाली चेपली जात असेल, तेव्हा जोडण्याला अर्थ असतो.

काही लक्षणांत मात्र थांबायचं नाही: लघवी-संडासवरचा ताबा जाणं, बसण्याच्या जागेला बधिरता येणं किंवा पायातली ताकद झपाट्याने कमी होणं. त्याच दिवशी दवाखाना गाठायचा, कोनांचं नंतर बघता येईल.

मग सगळ्यांना अचूक कोनातच का बसवत नाहीत?

कारण कमान मिळवण्याची किंमत असते. गाद्या अजून हलत्या असतील, तर पिंजऱ्यांनी आणि टेबलावरच्या झोपण्याने काम होतं. कणा ताठ गोठलेला असेल, तर मागून हाड कापावं लागतं. मागचे सांधे काढले तर एका जागी दहाएक अंश मिळतात. मणक्याची पाचरच कापून काढली तर तीसेक. पण हे दुसरं ऑपरेशन कित्येक तासांचं, भरपूर रक्त जाणारं आणि नसांना धोका असलेलं. सत्तरीच्या मधुमेही बाईंना तीस अंशांसाठी यातून नेणं शहाणपणाचं आहे का, हे पट्टी सांगत नाही.

शिवाय वयाबरोबर सगळेच थोडे झुकतात. २०१६ पासून अमेरिकेतल्या काही अभ्यासकांनी वयानुसार वेगवेगळी उद्दिष्टं मांडली: तरुणाला हिशोब काटेकोर, पंच्याहत्तरीच्या पुढे बरीच तूट चालते. म्हाताऱ्या पाठीला तिशीतल्यासारखं ताठ केलं, की स्क्रूंची रांग जिथे संपते त्याच्या वरचा मणका पुढे मोडून वाकण्याचं प्रमाण वाढतं. ठिसूळ हाडांत तर फारच. म्हणून साठीच्या पुढच्या बायकांनी मोठ्या ऑपरेशनआधी हाडांच्या घनतेची तपासणी झाली का, हे विचारायला लाजू नये. तंबाखू-सिगरेटचंही तेच, हाड जुळायला ती आडवी येते.

पुराव्याबद्दलही नीट बोलायला हवं. लांबलचक वाकलेल्या पाठीत कोन आणि त्रास यांचा संबंध भक्कमपणे दिसलेला आहे. एका-दोन मणक्यांच्या साध्या फ्यूजनमध्ये तो तितका स्पष्ट नाही, बराचसा पुरावा जुन्या रुग्णांचे कागद मागाहून तपासून आलेला आहे. आकडे जुळूनही पाठ दुखणारे लोक असतात, आकडे वाईट असून मजेत फिरणारेही. त्यामुळे कुणी नुसती ‘तूट ३० आहे’ म्हणून, फारसा त्रास नसलेल्या माणसाला ऑपरेशन सुचवत असेल, तर मी दुसऱ्या डॉक्टरचं मत घेईन.

आखाडा, मालिश, पट्टा

दांडिया बाजारातल्या माणिकराव आखाड्याच्या शहरात हा विषय टाळता येत नाही. प्रोफेसर माणिकराव व्यायामाचार्य होते तसेच हाडं बसवण्यातही निष्णात, आणि बडोद्याच्या कित्येक घरांत ‘आधी तिकडे दाखवून ये’ म्हणायची पद्धत होती. निखळलेला खांदा बसवणं ही खरी विद्या आहे. पण झिजून सपाट झालेली गादी किंवा वर्षानुवर्षं सरकत आलेला मणका ओढून ‘बसत’ नाही, आणि ठेवणीचा कोन तर कुणाच्याच हातात नाही. ठिसूळ हाडांच्या पाठीवर जोर लावण्यात धोकाही आहे.

व्यायामाची गोष्ट वेगळी. कमान परत येत नाही, पण ताईंची श्रोणी मागे धरून ठेवणारे नितंबांचे आणि पाठीचे स्नायू जितके मजबूत, तितका वेळ त्या ताठ राहू शकतात. खुब्याच्या पुढचे स्नायू आखडलेले असतील तर ते सैल करणंही तितकंच गरजेचं, नाहीतर श्रोणी मागे जायलाच तयार होत नाही. कमरेचा पट्टा आधार देतो, कोन बदलत नाही.

मांडी घालून बसायचं काय?

हे पाश्चात्त्य पुस्तकांत फारसं नसतं आणि आपल्याकडे पहिला प्रश्न हाच असतो. जमिनीवर मांडी घातली, की श्रोणी मागे कलंडते आणि कमरेची कमान जवळजवळ सपाट होते. म्हणजे बसण्यासाठी कमान जायला हवी, उभं राहण्यासाठी यायला हवी. एक-दोन मणके जोडले तर बाकीचे सांधे आणि खुबे हा फरक सहसा सांभाळून घेतात. पण सळ्या कमरेवरून थेट श्रोणीपर्यंत गेल्या, तर पंगतीला बसणं, भारतीय पद्धतीचा संडास, पायाची नखं काढणं, हे सगळं अवघड होतं. पूजेला चौरंगासमोर बसणं ज्यांना सोडायचं नाही, त्यांनी हे आधीच बोलून घ्यावं. त्याने निर्णय बदलेलच असं नाही, पण घरात स्टूल आणि कमोड आधी येतील.

खुबाही बदलायचा असेल, तर दोन्ही डॉक्टरांना एकमेकांचं ऑपरेशन माहीत असू द्या. बसताना श्रोणी मागे कलंडते, तेव्हा खुब्याची खोबणी उघडते आणि मांडी वर यायला जागा मिळते. पाठ गोठली की ती जागा मिळत नाही, आणि बदललेला खुबा निसटण्याची शक्यता वाढते. हे कळलं तर खुब्याचे डॉक्टर वाटी वेगळ्या कोनात बसवू शकतात.

एक्स-रेला जाताना

सगळा हिशोब ज्या एका फोटोवर उभा आहे, तो बऱ्याचदा घाईत निघतो. कुशीवरून काढताना गुडघे पूर्ण सरळ हवेत. आपण फोटोसाठी नकळत ऐटीत उभे राहतो किंवा गुडघे किंचित वाकवतो, आणि नेमकी जी तूट मोजायची तीच झाकली जाते. हात वर किंवा समोर ताणू नयेत, बोटं दोन्ही बाजूंच्या गळ्याच्या हाडांवर टेकवावीत. थोडं चालून आल्यावर काढला तर जास्त खरा येतो, कारण ताजेतवाने असताना दोन मिनिटं कुणीही ताठ उभं राहतं. काठीशिवाय उभं राहता येत नसेल तर तसं टेक्निशियनला सांगा, म्हणजे चिठ्ठीवर नोंद होईल. आणि फिल्म हातात आली की खालच्या टोकाला दोन्ही खुब्यांचे गोल दिसताहेत का, ते काउंटरवरच बघून घ्या. ते कापले गेले असतील तर ठेवणीचा कोन मोजताच येत नाही, एक्स-रे पुन्हा काढावा लागतो.